‘उद्यापासून येऊ नको’: वाळूजच्या एका कारखानदाराच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. वाळूज एमआयडीसीत मशिनिंगचं जॉबवर्क करणारं एक युनिट आहे. मालकाच्या हजेरीपटावर १४ माणसं, ठेकेदाराकडून आणलेली १२. नऊ वर्षं काम करणारा एक सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशिनचा) ऑपरेटर सोयाबीन काढायला गंगापूर तालुक्यातल्या आपल्या गावी गेला. आठ दिवसांचं सांगून गेला, तीन आठवडे आलाच नाही. ऑर्डर अडकली. मालकांनी सुपरवायझरकडून फोनवर निरोप दिला, ‘उद्यापासून येऊ नको, हिशेब घेऊन जा.’ हिशेबाला तो आला नाही, त्याच्या वकिलाची नोटीस आली. परत कामावर घ्या आणि मधल्या काळाचा पगार द्या, अशी मागणी आहे. मालक विचारतात: तो स्वतःहून गेला, मग चूक माझी कशी? वीसच्या आतल्या युनिटला हे सगळे कायदे लागतात का? आणि नव्या कामगार संहितांनंतर (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चार कायद्यांनंतर) माणूस काढणं सोपं झालं म्हणतात, ते खरं का?

मी बहुतेक वेळा मालकांच्या बाजूने उभा राहतो, म्हणून आधी तुम्हाला न आवडणारं सांगतो. तो गावी गेला ही त्याची गैरहजेरी. ‘येऊ नको’ हा तुमचा निर्णय. न्यायालयात पहिल्या गोष्टीचा पुरावा तुमच्याकडे जवळजवळ नाही. दुसऱ्या गोष्टीचा पुरावा त्याच्या मोबाइलमध्ये असू शकतो.

‘काम सोडून गेला’ हा बचाव आपल्याकडे सर्रास घेतला जातो आणि तितक्याच सर्रास फेटाळला जातो. काम सोडणं म्हणजे परत न येण्याचा इरादा. नऊ वर्षं एकाच मशिनवर उभा राहिलेला माणूस तीन आठवड्यांच्या सुगीसाठी नोकरी सोडेल, हे न्यायाधीशांना पटवणं अवघड आहे. स्थायी आदेशात, म्हणजे कारखान्याच्या लेखी सेवानियमांत, ‘आठ दिवसांहून जास्त विनापरवानगी गैरहजर राहिल्यास नाव कमी होईल’ असं लिहिलेलं असलं, तरी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच सांगितलं आहे की म्हणणं मांडायची संधी न देता असं आपोआप नाव काढता येत नाही. ती नोकरी त्या माणसाची उपजीविका आहे आणि उपजीविका काढून घेण्याआधी त्याचं ऐकून घ्यावं लागतं, हे त्या निकालाचं सार. तीस वर्षांहून अधिक काळ झाला, तरी ‘रजिस्टरमधून नाव उडवलं, विषय संपला’ असं समजणारे कारखानदार आजही भेटतात.

मधल्या काळाच्या पगाराचंही तसंच. औरंगाबाद खंडपीठातून वर गेलेल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हा मुद्दा सविस्तर मांडला. बडतर्फी बेकायदा ठरली तर सेवासातत्य आणि मागचा पगार यांसह पुनर्नियुक्ती हा सर्वसाधारण नियम आहे. त्या काळात आपल्याला दुसरं काम नव्हतं, एवढं कर्मचाऱ्याने सांगायचं. तो दुसरीकडे कमावत होता असं म्हणायचं असेल, तर ते सिद्ध करण्याचं ओझं मालकावर येतं. हल्ली न्यायालयं अनेकदा पुनर्नियुक्तीऐवजी एकरकमी भरपाई देतात हे खरं आहे, पण त्या भरवशावर प्रकरण पाच-सात वर्षं चालू देणं छोट्या युनिटला परवडत नाही.

तेव्हा या आठवड्यात करायचं काम सरळ आहे. त्या माणसाला पत्र लिहा. मराठीत, साध्या भाषेत: ‘आपण अमुक तारखेपासून कामावर हजर नाही. आपली सेवा समाप्त केलेली नाही. हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांत कामावर हजर व्हावे आणि गैरहजेरीचे कारण लेखी द्यावे.’ पत्र त्याच्या गावच्या आणि इथल्या भाड्याच्या खोलीच्या, दोन्ही पत्त्यांवर पाठवा. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, म्हणून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच घ्या. त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवरही टाका. लिफाफा ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आला तर तो फोडू नका, तसाच फायलीत ठेवा. न्यायालयात तो बंद लिफाफाच कामाला येतो. वकिलाच्या नोटिशीलाही याच आशयाचं उत्तर द्या. मात्र सुपरवायझरने ‘येऊ नको’ म्हटलंच नाही, असं खोटं त्यात लिहू नका. रेकॉर्डिंग निघालं तर तुमच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास जाईल.

आणि तो आला, तर त्याला खरोखर मशिनवर घ्या. गेटवर तासभर बसवून परत पाठवायचं आणि ‘आम्ही तर बोलावलं होतं’ म्हणायचं, हा प्रकार मी पाहिलेला आहे. पुढच्याच आठवड्यात कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात त्याची तक्रार जाते.

गैरहजेरीबद्दल कारवाई करायचीच असेल, तर ती त्यानंतर. आरोपपत्र द्या. ‘बेशिस्त वर्तन’ असं मोघम लिहू नका. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत गैरहजेरी, आधी कधी लेखी ताकीद दिली, हे सगळं त्यात हवं. उत्तराला पुरेसे दिवस द्या. खुलासा पटला नाही तर खातेनिहाय चौकशी लावा. चौकशी अधिकारी तक्रार करणारा सुपरवायझर किंवा तुमचा मेव्हणा नसावा. कामगाराला सोबत सहकारी आणू द्या, तुमच्या साक्षीदारांना प्रश्न विचारू द्या, रोजच्या कामकाजाच्या कागदावर त्याची सही घ्या आणि प्रत त्याच्या हातात द्या. कामगार बिहारचा असेल तर चौकशी हिंदीत चालवा. तो आलाच नाही तर दोन-तीन तारखा लेखी कळवून मग एकतर्फी चौकशी पुढे न्या. अहवालाची प्रत त्याला देऊन शिक्षेबद्दल त्याचं म्हणणं घ्या. चौकशी चालू असताना निलंबित केलं, तर पहिले ९० दिवस निम्मा पगार आणि चौकशी त्याच्यामुळे लांबली नसेल तर पुढे ७५ टक्के निर्वाह भत्ता द्यावा लागतो. हा भत्ता थकवल्यामुळे चांगल्या चौकश्याही कोसळतात.

एवढं करून शिक्षा काय द्याल? नऊ वर्षांच्या निष्कलंक सेवेनंतर तीन आठवड्यांच्या गैरहजेरीसाठी बडतर्फी अवाजवी ठरेल. माझं स्पष्ट मत असं की लेखी ताकीद पुरे. फार तर स्थायी आदेशात बसत असेल तर वेतनवाढ रोखा. अनुभवी ऑपरेटर सोन्यासारखा असतो, हे तुमची अडकलेली ऑर्डरच सांगते.

इथे आपल्या भागाची एक गोष्ट कारखानदारांनी मनावर घ्यावी. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, जालना, सगळीकडे मशिनवर उभा असलेला माणूस शेतकरीही आहे. मृगात पेरणी, ऑक्टोबरमध्ये सोयाबीन, दिवाळीनंतर कापूस वेचणी, मध्ये आषाढीची वारी आणि पैठणची नाथषष्ठी. हे दरवर्षी येतं, तरी दरवर्षी कारखानदाराला तो अपघात वाटतो. ‘मालक, आठ दिस जाऊन येतो’ आणि ‘जा बाबा, लवकर ये’ एवढ्यावर रजा मंजूर होते, मग बिनसलं की तीच रजा ‘विनापरवानगी गैरहजेरी’ ठरवली जाते. सुगीच्या रजेचा एक साधा छापील अर्ज ठेवा: कधीपासून, कधीपर्यंत, वाढवायची असेल तर कोणाला मेसेज करायचा. नव्या संहितेत वर्षात १८० दिवस काम केलं की दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळते. पूर्वी त्यासाठी २४० दिवस भरावे लागत. ही हक्काची रजा सुगीशी जोडून आधीच आखली, तर निम्मी भांडणं उगवणारच नाहीत.

आता ‘वीसच्या आत’चा प्रश्न. तुम्ही १४ मोजता, कायदा २६ मोजतो. भविष्यनिर्वाह निधीसाठी ठेकेदाराकडून आणलेली माणसंही तुमच्याच आस्थापनेची धरली जातात. २० चा आकडा गाठला की फंड लागू होतो आणि एकदा लागू झाला की नंतर माणसं कमी झाली तरी सुटत नाही. ईएसआयला, म्हणजे कामगार राज्य विम्याला, तर १० माणसं पुरतात. ही गफलत सर्वांत महाग पडणारी आहे, कारण ती वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही आणि मग एक दिवस एखाद्या कामगाराच्या अर्जावरून फंड कार्यालयाची नोटीस येते. त्या वेळी मागची सगळी वर्गणी, वार्षिक १२ टक्के व्याज आणि वर नुकसानभरपाई भरावी लागते. कामगाराच्या हिश्श्याचे १२ टक्केही तुमच्याच खिशातून जातात, कारण वेळेवर न कापलेला हिस्सा नंतर त्याच्या पगारातून वसूल करता येत नाही. कापून भरला नसेल तर तो फौजदारी गुन्हा आहे. अडचणीच्या महिन्यात फंडाचे पैसे स्टीलच्या बिलाला वापरणारे मालक मला माहीत आहेत. त्यांना मी एकच विनंती करतो: उधारी करा, पण त्या पैशाला हात लावू नका.

ठेकेदाराच्या १२ माणसांबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण मला तुमच्या नोटिशीपेक्षा तीच जास्त काळजीची वाटतात. ती माणसं तुमच्या मशिनवर, तुमच्या शिफ्टमध्ये, तुमच्या सुपरवायझरच्या हुकमाने काम करतात. ठेकेदार महिन्यातून एकदा बिल घेऊन येतो. असा ठेका कागदावरचा आहे असं न्यायालय ठरवू शकतं, आणि मग ती माणसं पहिल्या दिवसापासून तुमचीच. नव्या संहितेत मुख्य उत्पादनाच्या कामात ठेका कामगार लावायला काही अपवाद सोडून मनाई आहे. झाडलोट, पहारा, कँटीन, माल चढवणं-उतरवणं यासाठी ठेका ठीक. ५० पेक्षा कमी ठेका कामगार असले तर ही मनाई आणि ठेक्याच्या परवान्याच्या तरतुदी लागत नाहीत. पण ठेका खरा की नावापुरता, हा प्रश्न दहा माणसांतही उभा राहतो. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो शेवटी तुमच्याकडेच मागितला जातो. म्हणून बिल मंजूर करण्याआधी दर महिन्याला त्या १२ नावांचं फंडाचं चलन, ईएसआयचं चलन आणि बँकेतून पगार गेल्याची यादी मागा. चलनावरची एकूण रक्कम बघून समाधान मानू नका, नावं आणि यूएएन (प्रत्येकाचा फंडाचा क्रमांक) जुळवा. एकाच चलनाच्या झेरॉक्स तीन कारखान्यांत फिरतात.

याच्याच जोडीची आपल्याकडची रीत म्हणजे ‘ब्रेक’. सहा-सात महिने झाले की काही दिवस घरी बसवायचं, नवं नाव किंवा नवा ठेकेदार दाखवायचा आणि परत त्याच मशिनवर घ्यायचं, म्हणजे वर्षभराची सलग सेवा धरायला लागणारे २४० दिवस भरत नाहीत. माणसाला वर्षानुवर्षं तात्पुरतं, बदली किंवा हंगामी ठेवून कायमपणाच्या लाभांपासून वंचित ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, असं महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा सांगतो आणि औद्योगिक संबंध संहितेतही ती यादीत आहे. ब्रेकच्या तारखा पगारपत्रकात ओळीने दिसतात. दहा माणसांना दर सात महिन्यांनी नेमका तेवढाच ब्रेक मिळाला, तर हेतू वेगळा सिद्ध करायची गरज उरत नाही. काम खरोखरच ठरावीक काळाचं असेल, तर नव्या संहितेतली मुदतीची नेमणूक वापरा. लेखी करार, कायम कामगाराइतकाच पगार आणि सवलती, आणि एक वर्ष भरलं की सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी. मुदत संपली की नोकरी संपते, ती कामगार कपात ठरत नाही. थोडा खर्च वाढतो, पण तो उघड आणि आधी ठाऊक असलेला खर्च आहे.

संहितांचं आता बोलू. वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा अशा चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. ‘माणूस काढणं सोपं झालं’ ही चर्चा आली कुठून? कामगार कपात किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागण्याची मर्यादा आता ३०० कामगारांवर गेली, तिथून. तुमच्या २६ माणसांच्या युनिटला अशी परवानगी आधीही लागत नव्हती. तुम्हाला जे लागत होतं ते तसंच आहे. वर्षभर सेवा झालेल्या माणसाची कपात करायची तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा त्याचा पगार, दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार आणि सरकारला कळवणं. शेवटी लागलेला आधी जातो, आणि पुन्हा भरती केली तर काढलेल्याला आधी विचारायचं. यात भर म्हणून पुनर्कौशल्य निधीत त्या कामगाराच्या १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम भरायची तरतूद आली. गैरवर्तनाची चौकशी तर अजिबात सुटलेली नाही.

छोट्या युनिटला संहितांमधून खरा फरक पडतो तो तीन ठिकाणी. पहिलं, नेमणूकपत्र. ते आता प्रत्येकाला द्यायचं आहे. मी तर म्हणेन जुन्यांनाही या महिन्यात द्या, त्यात रुजू झाल्याची खरी तारीख घाला. तारीख पुढे ढकलून लिहायचा मोह टाळा. बँकेतला पहिला पगार आणि गेटचं रजिस्टर ती तारीख उघडी पाडतात. दुसरं, हिशेब. राजीनामा असो, बडतर्फी असो वा कपात, राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. ‘पुढच्या महिन्याच्या सात तारखेला बघू’ आता चालणार नाही.

तिसरं, वेतनाची व्याख्या, आणि इथे आपल्याकडच्या बहुतेक पगारपत्रकांना हात लावावा लागेल. घरभाडे, प्रवास, ओव्हरटाइम यांसारखे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग पुन्हा वेतनात मिळवायचा. समजा एखाद्याला २०,००० रुपये देता आणि त्यात मूळ पगार व महागाई भत्ता मिळून ७,००० दाखवून १३,००० भत्त्यांत टाकलेत, तर ग्रॅच्युइटीसारख्या हिशेबांसाठी वेतन १०,००० धरलं जाईल. शिवाय मूळ पगार आणि महागाई भत्ता किमान वेतनाच्या खाली असता कामा नयेत. किमान वेतनातला महागाईचा भाग, म्हणजे विशेष भत्ता, जानेवारी आणि जुलैत, वर्षातून दोनदा बदलतो आणि परिमंडळाप्रमाणे वेगळा असतो. तो बदल पगारपत्रकात उतरवायचं काम अकाउंटंटवर सोडून विसरू नका. ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे. रोखीत, वेगळ्या वहीत, एकपट दराने दिलेला ओव्हरटाइम म्हणजे पुढच्या दाव्याचा तयार पुरावा आहे.

‘सुपरवायझर’ हे नाव दिलं की माणूस कामगार राहत नाही, असा एक समज आहे. न्यायालय खुर्ची बघत नाही, दिवसभरात तो प्रत्यक्ष काय करतो ते बघतं. चार हेल्परवर नजर ठेवत स्वतः मशिन चालवणारा माणूस कामगारच. खरोखर देखरेखीचंच काम करणारा आणि महिना १८,००० हून जास्त घेणारा मात्र त्या व्याख्येबाहेर जातो.

तुमच्या ऑपरेटरची ग्रॅच्युइटी किती होईल हे तुम्हाला ठाऊक असायला हवं, कारण तडजोडीला बसाल तेव्हा पहिला आकडा तोच. शेवटचं मासिक वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. वेतन १८,२०० असेल तर दिवसाचे ७००, पंधरा दिवसांचे १०,५०० आणि नऊ वर्षांचे ९४,५०० रुपये. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेला तुकडा पूर्ण वर्ष धरतात. हे पैसे देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायचे. माणूस स्वतः सोडून गेला तरी पाच वर्षं भरली असतील तर ते बुडत नाहीत, आणि मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अटही नाही. जिनिंग किंवा साखर कारखान्यातल्या हंगामी माणसांना दर हंगामामागे सात दिवसांचं वेतन मिळतं. बीड, परभणी, जालन्याकडच्या जिनिंगवाल्यांना हे बहुधा कोणी सांगितलेलंच नसतं.

अपघाताबद्दल मला थांबून बोलायचं आहे. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमधल्या हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेल्या सहा कामगारांचा जीव गेला. बाहेरगावची, विशेषतः परराज्यातली मुलं कारखान्यातच झोपतात, हे आपल्या प्रत्येक एमआयडीसीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. खोलीचं भाडं वाचतं, पहाराही होतो, म्हणून मालकही डोळेझाक करतो. कृपा करून हे आजच बंद करा. उत्पादनाच्या शेडमध्ये, कच्च्या मालाशेजारी, बाहेरून कुलूप लावलेल्या दारामागे माणूस झोपता कामा नये. दोन खोल्या भाड्याने घेऊन द्या, त्यांचा खर्च एका जीवापुढे काहीच नाही.

ईएसआयची नोंदणी असेल तर कामावरच्या अपघाताची भरपाई ते महामंडळ देतं; २१,००० पर्यंत पगार असलेल्यासाठी मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के इतकीच ती वर्गणी आहे. नोंदणी पहिल्याच दिवशी करा. ‘टिकतो का बघू, मग नाव टाकू’ या पंधरा दिवसांतच प्रेसखाली बोटं जातात. नवा माणूस सगळ्यांत असुरक्षित असतो. अपघातानंतर तासाभरात केलेली नोंदणी वेळेच्या नोंदीसकट पकडली जाते. जो ईएसआयबाहेर आहे त्याच्या मृत्यूची भरपाई तुमच्यावर येते: मासिक वेतनाच्या निम्मे, गुणिले वयानुसारचा गुणांक. वेतन १५,००० च्या मर्यादेपर्यंत धरलं आणि वय ३० असेल तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. महिन्यात दिली नाही तर व्याज आणि दंड वेगळा. घरातून कामावर येताना किंवा परतताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, आता त्यात धरला जातो. नगर रोडवर रात्रपाळीहून मोटारसायकलने जाणारी तुमची मुलं डोळ्यांपुढे आणा.

उचलीचा विषय तुमच्या युनिटमध्ये असेल-नसेल, पण हे उत्तर वाचणाऱ्या वीटभट्टीवाल्यांसाठी आणि लेबर कॉन्ट्रॅक्टरांसाठी लिहितो. लग्नाला, दवाखान्याला उचल देणं चांगलंच आहे. आपल्याकडे बँकेआधी मालक उभा राहतो. लेखी नोंद ठेवा, हप्ता ठरवा, पगारातून कापताना सगळ्या कपाती मिळून निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका. पण ‘उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जायचं नाही’ म्हणून माणसाला अडवणं, त्याचं आधार कार्ड किंवा बायकोला-लेकरांना अडकवून ठेवणं हा वेठबिगारीचा गुन्हा आहे. १९७६ च्या कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि त्या कायद्याने असं कर्जच संपुष्टात येतं. पैसे बुडाले तर दिवाणी मार्गाने वसूल करा, माणूस अडवू नका. कोऱ्या कागदावर सही, तारीख नसलेला राजीनामा, कोरा चेक यांतलं काहीही तुमच्या कपाटात असेल तर ते आजच ज्याचं त्याला परत करा. त्या कागदांनी मालकाला वाचवल्याचं उदाहरण माझ्यापुढे नाही. उलट असा राजीनामा निघाला की बाकीची खरी कागदपत्रंही संशयात येतात.

महिलांबद्दल थोडक्यात. दहा किंवा जास्त माणसं असली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच, तुमच्याकडे तपासणीच्या टेबलावर दोनच बायका असल्या तरी. अध्यक्ष महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि एक बाहेरचा जाणकार. ठेकेदाराच्या आणि झाडलोटीच्या बायकांनाही तिथे तक्रार करता येते. समिती नसणं एवढ्यालाच ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. माझ्या लेखी त्याहून मोठी गोष्ट अशी की समिती नसली की तक्रार थेट पोलिसांत किंवा गावच्या पारावर जाते, आणि दोन्हीकडे त्या बाईचेच हाल होतात. तसंच २० किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती करायची आहे, तिच्यात मालक आणि कामगार यांचे सदस्य समान.

बोनसचं एवढंच लक्षात ठेवा: २० माणसं असतील तर किमान ८.३३ टक्के, आणि दिवाळीला पाकिटात दिलेली नोंद नसलेली रक्कम बोनस म्हणून दाखवता येणार नाही. बँकेतून द्या, ‘बोनस’ लिहून द्या.

आता पुन्हा तुमच्या नोटिशीकडे. पत्र पाठवूनही तो येत नसेल, किंवा येऊन म्हणाला की ‘मालक, मला आता इथं राहायचं नाही, माझं काय ते द्या’, तर तडजोड करा. तुमच्या केबिनमध्ये शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर करू नका. कामगार कार्यालयात समेट अधिकाऱ्यासमोर करा, त्याच्यासोबत त्याचा वकील किंवा युनियनचा माणूस असू द्या. खासगी कागद ‘दबावाने सही घेतली’ म्हणून पुढे नाकारला जातो. अधिकाऱ्यासमोरच्या करारावर तो आक्षेप टिकणं कठीण. अनुचित प्रथेची तक्रार त्याला ९० दिवसांत करायची असते आणि बडतर्फीचा वाद न्यायाधिकरणाकडे न्यायला त्याच्याकडे दोन वर्षं आहेत, म्हणून ‘तीन महिने गेले, आता सुटलो’ असं धरून चालू नका.

करारात राहिलेला पगार, रजेचे पैसे, बोनस, ग्रॅच्युइटी आणि वरची तडजोडीची रक्कम वेगवेगळ्या ओळींत लिहा. सगळं मिळून ‘एकरकमी दीड लाख’ असं लिहिलंत, तर वर्षभराने तो ग्रॅच्युइटीचा स्वतंत्र अर्ज करू शकतो आणि ग्रॅच्युइटीचे दावे ऐकणारा नियंत्रक प्राधिकारी ती त्याला देऊही शकतो, कारण ग्रॅच्युइटीचा हक्क करार करून सोडून देता येत नाही. पैसे त्याच्या खात्यात एनईएफटीने टाका, व्यवहाराचा क्रमांक करारात घाला, फंड काढण्यासाठी नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर त्याच दिवशी भरा आणि अनुभवाचा दाखला सहीशिक्क्यासह त्याच्या हातात द्या.